हौद्यावरचं झाकण
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. दहावी, १९९४ची तुकडी.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. आधी त्यांनी विषय सुचवला होता कृत्रिम बुद्धिमत्ता. मी म्हटलं, नको. त्यातलं निम्मं इथल्या आठवीच्या मुलांना माझ्याआधी कळतं आणि उरलेलं निम्मं दर सहा महिन्यांनी बदलतं. मग आपल्या ग्रुपवर मी टाकलेला एक फोटो कुणाला तरी आठवला. त्यात मी एका पिकअप ट्रकच्या मागच्या फाळक्यावर बसून चहा पितेय. त्या फोटोखाली सत्तावीस प्रश्न आले होते. "तू ट्रक चालवतेस?" हा पहिला. "नोकरी गेली का?" हा दुसरा. आणि ज्याची स्वतःची बोलेरो पिकअप आहे, द्राक्षं आणि दूध वाहतो, त्या आपल्या मित्राचा प्रश्न होता, "हौद्यावर ते काय बसवलंयस? कितीला पडलं?" एकट्या त्याचाच प्रश्न मुद्द्याचा होता. म्हणून आज मी पिकअपच्या हौद्यावरच्या झाकणाबद्दल बोलणार आहे. हसू नका. या झाकणानं मला जे शिकवलं, ते इंजिनियरिंगच्या चार वर्षांत माझ्याकडून सुटून गेलं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहते, सिॲटलजवळ. तिथं पिकअप हे फक्त मालवाहू वाहन नाही. घरटी एक असावी इतकी सर्रास दिसते. पुढं चार-पाच माणसांची केबिन, मागं उघडा हौदा. आठवडाभर ऑफिस आणि वाणसामान, शनिवारी-रविवारी त्याच गाडीनं डोंगरात नाहीतर समुद्रावर मुक्कामाला जायचं. आम्ही २०२१ साली एक वापरलेली, मध्यम आकाराची पिकअप घेतली. हौदा सहा फुटी. घेतल्यावर महिन्याभरात लक्षात आलं की उघडा हौदा म्हणजे छप्पर नसलेली खोली. पावसात काही ठेवता येत नाही, आणि गाडी बाजारात उभी करून आत गेलं तर सामान जागेवर राहील याचा भरवसा नाही. झाकण हवंच.

आता झाकण म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर येते ताडपत्री. तिकडं त्याचे पाच प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा एक स्वभाव आहे.

पहिला प्रकार मऊ झाकणाचा. जाड रेक्झिनसारखं कापड, खाली ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या, आणि केबिनच्या दिशेनं सतरंजीसारखी गुंडाळी करायची. वजनाला हलकं, एका माणसाला काढता-घालता येतं, किमतीतही सर्वांत स्वस्त. पण एक धारदार चाकू आणला की संपलं. दुसरा प्रकार घडीचा. तीन किंवा चार कडक फळ्या बिजागरीनं जोडलेल्या असतात. फाळका उघडल्याशिवाय ही घडी उघडत नाही, म्हणून फाळक्याला कुलूप असेल तर माल बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. तिसरा प्रकार सरकत्या शटरचा. आपल्या दुकानाचं शटर आडवं केलं असं समजा. ते हौद्याच्या पुढच्या टोकाला एका डब्यात जाऊन बसतं, आणि हवं तिथं थांबवता येतं. दिसायला सर्वांत देखणं आणि किमतीलाही भारी. चौथा प्रकार म्हणजे एकसंध फायबरचं झाकण. पेटीच्या झाकणासारखं मागून वर उचलायचं. उतरवायला दोन माणसं लागतात, आणि हौद्याच्या काठापेक्षा उंच वस्तू त्याखाली मावत नाही. या चारही प्रकारांना मिळून टनो कव्हर म्हणतात.

पाचवा प्रकार वेगळा. ते झाकण नाही, ती खोलीच आहे. केबिनच्या टपाइतकी उंच, बाजूंना खिडक्या, मागं वर उघडणारं काचेचं दार. काही ठिकाणी त्याला टॉपर म्हणतात, काही ठिकाणी कॅप, आणि आमच्या भागात कॅनपी.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलंत. कोष्टक बनवलं. चौदा रकाने. किंमत, वजन, कुलूप, टिकाऊपणा, बर्फाचा भार, मागच्या काचेतून दिसतं की नाही, वॉरंटी. प्रत्येक रकान्याला गुण, प्रत्येक गुणाला महत्त्वाप्रमाणे भार. तीन आठवडे रात्री जागून हे केलं. शंभरापैकी सत्त्याऐंशी गुण मिळवून सरकतं शटर पहिलं आलं. अठराशे डॉलर मोजले. नवरा म्हणाला, "दहावीच्या निकालालासुद्धा एवढा आनंद झाला नसेल तुला." ते खरंच होतं, दहावीला मला सत्त्याऐंशी नव्हते.

कोष्टकात 'पाणी' असाही एक रकाना होता. सगळ्याच झाकणांच्या माहितीपत्रकात 'वॉटर रेझिस्टंट' असं लिहिलेलं, म्हणून सगळ्यांना मी सारखेच गुण दिले आणि पुढं गेले. वॉटर रेझिस्टंट म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की पाणी कमी येईल. किती कमी आणि कुठून, हे तिथं लिहिलेलं नसतं. हा फरक मला शब्दकोशातला माहीत होता. हौद्यातला माहीत नव्हता.

आता बाबांबद्दल सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांना ते माहीत आहेत, कारण तुम्ही त्यांच्या टेम्पोत बसला आहात. तालुक्याच्या कबड्डीच्या सामन्यांना आपला संघ त्याच हौद्यात उभा राहून गेला होता. गॅदरिंगच्या मांडवाचे वासे त्यातूनच यायचे. मेटॅडोर होती ती, निळ्या रंगाची. आपण ज्याला सरसकट टेम्पो म्हणतो, तो शब्द मुळात एका कंपनीच्या नावातला. पुण्याच्या बजाज टेम्पोचा. आज त्या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालंय, पण आपल्याकडं टेम्पो तो टेम्पोच राहिला.

हंगामात बाबा बेदाणा वाहायचे, शेडवरून तासगावच्या बाजारात नाहीतर शीतगृहात. बेदाण्याला पाणी लागलं की तो काळा पडतो आणि दर कोसळतो. शेतकऱ्याची वर्षभराची कमाई रात्रभर बाबांच्या ताडपत्रीखाली असायची, आणि एप्रिल-मेचा वळीव काही सांगून येत नाही. त्यांचा माल भिजल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण तो का भिजत नाही, हेही मी त्यांना कधी विचारलं नाही. मी फिजिक्सच्या पुस्तकात मान घालून बसलेली असायचे आणि बाबा बाहेर दोर आवळत असायचे. पुढं डिग्री झाली, परदेशी नोकरी झाली. पंचवीस वर्षांत मी बाबांना तब्येतीचं विचारलं, पैशांचं विचारलं, पावसापाण्याचंही विचारलं. त्यांच्या कामातला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्याकडं तांत्रिक प्रश्नाचं उत्तर असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. हे आज त्यांच्यासमोर कबूल करते आहे.

२०२१च्या डिसेंबरात आई गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी बाबांना सहा महिन्यांसाठी माझ्याकडं नेलं. बॅगेत स्वतःचे कपडे कमी आणि आईनं शिवलेली एक वाकळ जास्त, अशी त्यांची तयारी. आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ. मी म्हटलं, "बाबा, तिकडं घरात हीटर असतो." ते म्हणाले, "असू दे की."

सप्टेंबरात आम्ही होहच्या जंगलात मुक्कामाला गेलो. ऑलिम्पिक नॅशनल पार्कमधलं हे वर्षावन आहे. वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. झाडांवर इतकं शेवाळ की फांद्यांना दाढ्या फुटल्यासारख्या वाटतात. बाबांना ते फार आवडलं. "आंबोलीला थंडी लावली की असं दिसंल," म्हणाले. संध्याकाळी पाऊस सुरू झाला. मी निश्चिंत. सगळं अंथरूण-पांघरूण हौद्यात, सत्त्याऐंशी गुणांच्या शटरखाली. रात्री आठ वाजता शटर उघडलं, तर पुढच्या डाव्या कोपऱ्यात तळं. दोन स्लीपिंग बॅगा चिंब. आणि तळाला आईची वाकळ. लुगड्यांचा लाल रंग सुटून पांढऱ्या टाक्यांवर पसरला होता.

मी काय बोलले ते आठवत नाही. बाबा काहीच बोलले नाहीत. वाकळीचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि आम्ही दोघांनी ती पिळली. लहानपणी नदीवर मी आणि आई पिळायचो तशी.

त्या रात्रीची दुसरी चूक तर कोष्टकात कुठल्याच रकान्यात नव्हती. तंबूत जमिनीवर झोपलं की बाबांना गुडघ्यांमुळं उठता येत नाही. हौद्यात झोपवावं, तर बंद शटरखाली उंची दीड फुटाच्या थोडी वर. माणूस कुशीवरसुद्धा वळू शकत नाही. शेवटी सत्तर वर्षांचा माणूस रात्रभर गाडीच्या मागच्या सीटवर बसून झोपला. मी झाकण निवडलं होतं ते सामानासाठी. माणसं कुठं झोपणार, हा प्रश्नच मी मांडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोर्क्स नावाच्या गावात नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रात वाकळ वाळवली. ती गरगर फिरत होती आणि आम्ही समोरच्या बाकावर बसलो होतो. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना विचारलं, "बाबा, तुमचा बेदाणा कधी भिजला कसा नाही?"

ते म्हणाले, "पाणी येणारच. कुणी अडवलंय त्याला? ते भाईर कुठनं जायचं, ते बघितलंयस का तू?"

घरी आल्यावर त्यांनी गाडी धरली. म्हणाले, हौद्यात कोरे पेपर पसर. आमच्या घरी पेपर येत नाही, म्हणून ऑनलाइन खरेदीची पुठ्ठ्याची खोकी उलगडून पसरली. शटर लावलं. बागेचा पाइप घेऊन बाबा एकेका बाजूनं दहा-दहा मिनिटं पाणी मारत राहिले. शेजारी बघत होते. मग उघडलं. ओला पुठ्ठा काळा दिसतो, कोरडा तांबूस, त्यामुळं पाण्याचा अख्खा नकाशा समोर आला.

पाणी दोन ठिकाणांहून येत होतं. पहिलं ठिकाण पुढचा डावा कोपरा. सरकत्या शटरच्या फटींतून थोडं पाणी आत येणार हे बनवणाऱ्यानं धरलेलंच असतं. ते कडेच्या पन्हाळीत उतरतं, तिथून पुढच्या डब्यात, आणि डब्याच्या कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून हौद्याबाहेर. आमच्याकडं सूचिपर्णी झाडं फार. त्यांच्या सुयांनी डावी नळी गच्च भरली होती. त्या रात्री गाडी नेमकी डावीकडं किंचित कलून उभी होती. सगळं पाणी त्याच नळीकडं गेलं आणि तिथून आत सांडलं. झाकण फुटलं नव्हतं, सदोषही नव्हतं. नळी साफ करायची असते, हे मला माहीत नव्हतं.

दुसरं ठिकाण अधिक मजेशीर. मागचा फाळका. झाकण कितीही चांगलं असो, फाळक्याच्या खाली आणि दोन्ही बाजूंना फट असते, कारण हौदा मुळात पाणी निघून जाण्यासाठीच बनवलेला असतो. पाणी तिथून आत येतं, आणि कच्च्या रस्त्यावर धूळही तिथूनच, कारण चालत्या गाडीच्या मागं हवेची पोकळी होते आणि ती धूळ आत ओढते. लोक झाकणाला शिव्या देतात आणि दोष फाळक्याचा असतो. त्यासाठी रबराची एक पट्टी मिळते, थोडक्या पैशांत. अठराशेच्या झाकणाआधी ती घ्यायला हवी होती. मात्र हौद्याच्या तळाची भोकं कधीही बुजवू नका. आलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं.

मग बाबांनी मला ताडपत्री शिकवली. आमच्या गॅरेजमध्ये, खडूनं जमिनीवर आकृती काढून. पहिली गोष्ट, मधोमध लांबीला एक बांबू. म्हणजे ताडपत्रीला पाठ येते आणि पाणी साठत नाही. दुसरी, मागची कड आधी, पुढची कड शेवटी आणि वरून, म्हणजे धावत्या गाडीचा वारा आत शिरत नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची. ताडपत्रीच्या कडा फाळक्याच्या बाहेर सोडायच्या, आत कधीच खोचायच्या नाहीत. बाहेर असली तर पाणी रस्त्यावर पडतं, आत असली तर मालावर. आणि चौथी, मालाखाली फळ्या. एवढं करूनही चुकून पाणी आलंच, तर ते खालून वाहून जावं आणि खोकी वर कोरडी राहावीत.

कौलारू घर आठवा. वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, म्हणून पाणी घराबाहेर पडतं. माझ्या शटरचं पाणी आधी आत येत होतं आणि मग नळीच्या भरवशावर बाहेर जात होतं. बाबांची ताडपत्री कौलासारखी, माझं शटर पन्हाळीसारखं. पन्हाळ तुंबली की पाणी घरात. आमच्या कामात एक शिस्त असते, की यंत्रणा कशी चालेल एवढंच बघायचं नाही, बिघडली तर कशी बिघडेल हेही आधी ठरवायचं. ऑफिसात मी हे नव्या मुलांना शिकवते. घरी अठराशे डॉलर मोजताना विसरले.

मग आम्ही दोघांनी नवं कोष्टक केलं. चौदाऐवजी चार प्रश्न.

पहिला, झाकणाखाली काय असणार? सामान की माणूस? रोज काय, आणि वर्षातून चारदा काय? फक्त अवजारं किंवा वाणसामान असेल, तर घडीचं कडक झाकण उत्तम, मी आजही तेच सुचवीन. माणूस झोपणार असेल तर उंची हवी, म्हणजे कॅनपीच. आणि हौदा मोजा. सहा फुटी हौद्यात साडेपाच फुटांचे बाबा फाळका बंद करून सरळ झोपू शकतात. पाच फुटी असता तर फाळका उघडा टाकून झोपावं लागलं असतं. चाकांवरच्या उंचवट्यांमधली रुंदीही मोजा, कारण अंथरूण तिथंच अडकतं.

दुसरा, वजन किती? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती भार, ते त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीवर ११५० पौंड आहे, म्हणजे साधारण ५२० किलो. आम्ही चौघं मिळून २७० किलो. फायबरची कॅनपी ८० किलो. उरले १७०. त्यात पिण्याचं पाणी, शेगडी, खाणं, अंथरूण. गाडी पाच-सहा टन सहज ओढते अशा जाहिराती बघून लोक हौदा भरत सुटतात, पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. हे बाबांना सांगायची गरज पडली नाही. ते म्हणाले, "पाट्याबिट्या बघितल्या नसतील होय मी?" कॅनपीच्या टपावर तंबू किंवा सायकली लावणार असाल, तर टप किती भार पेलतो तेही विचारा. उभ्या गाडीचा आकडा मोठा असतो, धावत्या गाडीचा लहान, आणि धरायचा तो लहान.

तिसरा, पाणी कुठून जाणार? कॅनपी हौद्याच्या काठावर वरून बसते. मधे फोमची अखंड पट्टी, आतून पकडी. मागचं काचेचं दार फाळक्याच्या वरच्या कडेला बाहेरून झाकतं. म्हणजे कौलाचा नियम. ती पट्टी कुठं तुटली तर मात्र तिथूनच गळणार, म्हणून कॅनपी उतरवून पुन्हा बसवली की पट्टी नवी घालायची.

चौथा, कुलूप आणि किंमत. इथं कॅनपी कमी पडते, हे मान्य करते. तिला काचा असतात. बाहेरून दिसतं, आणि काच फुटते. शहरात रोज महाग सामान ठेवणाऱ्यानं हा विचार करावा. आम्ही काचांना आतून पडदे केले आणि लॅपटॉप हौद्यात ठेवायचा नाही असा नियम केला.

शटर मी निम्म्या किमतीला विकलं. घेणाऱ्याला नळ्यांबद्दल सगळं सांगून. त्याच पैशांत एक वापरलेली कॅनपी मिळाली, आमच्याच मॉडेलची आणि त्याच पिढीची. हे जुळणं आवश्यक आहे, कारण हौद्याचा आकार मॉडेलगणिक बदलतो. बाबांनी पुन्हा पुठ्ठे पसरले, पुन्हा पाइप लावला. कोरडे. शेजारी आता हात हलवायला लागले होते.

ऑक्टोबरच्या शेवटी समुद्रकाठी कलालोकला गेलो. हौद्यात फळ्या, त्यावर गादी, गादीवर वाकळ. गुलाबी झालेली. मी म्हटलं, "बाबा, झोप लागेल ना इथं?" ते हसले. म्हणाले, "अगं, अर्धं आयुष्य हौद्यात झोपलोय मी. बाजार उघडायची वाट बघत. तुझ्या आईनं ही वाकळ हौद्यासाठीच तर शिवली होती."

हे मला ठाऊक नव्हतं. मी ती घरातलीच समजत होते.

पहाटे उठून बघितलं, तर छतावरून थेंब टपकत होते. मला वाटलं, पुन्हा गळतंय. पण पाऊस नव्हताच. बाबांच्याच श्वासाची वाफ थंड फायबरवर जमून टपकत होती. रात्री गार लागतंय म्हणून मी सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या होत्या. तेव्हापासून समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवतो. आणि हे गमतीचं नाही, म्हणून गंभीरपणे सांगते: अशा बंद जागेत शेगडी, कोळसा किंवा गॅसचा हीटर कधीही पेटवू नका, आणि इंजिन चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. आम्ही आत बॅटरीवरचं एक सूचक यंत्र लावलंय. आणि गाडी चालू असताना हौद्यात कुणी बसायचं नाही, कॅनपी कितीही खोलीसारखी दिसली तरी. कबड्डीच्या संघानं माफ करावं.

खाण्याबद्दलही एक गोष्ट. तिकडं जंगलात खाणं हौद्यात ठेवून झोपत नाहीत. मऊ झाकण तर रकूनसुद्धा उचकटतो, आणि अस्वलाला काचही नवी नाही. योसेमिटीसारख्या ठिकाणी अंधार पडल्यावर गाडीत खाणं ठेवायलाच बंदी आहे. लोखंडी पेट्या दिलेल्या असतात, त्यात ठेवायचं.

माझी वेळ संपत आली. तुमच्यापैकी बहुतेकांना पिकअपवर कॅनपी बसवायची नाही, हे मला माहीत आहे. पण काही ना काही झाकायचं प्रत्येकाला असतं. दुकानाच्या पुढचा पत्रा असेल, गच्चीवरची शेड असेल, गोठा असेल. घेताना दुकानदाराला 'पाणी येणार नाही ना?' असं विचारू नका. तो नाहीच म्हणणार. 'आलं तर जाणार कुठून?' असं विचारा. तो थोडा वेळ गप्प बसला, तर दुसऱ्या दुकानात जा. आणि घेतल्यावर आधी पुठ्ठे पसरून पाइप मारा. आपली चूक कोरड्या दिवशी अंगणात कळलेली बरी.

बाबा आज मागच्या रांगेत बसले आहेत. बसले होते, असं म्हणायला हवं, कारण आता खुर्ची रिकामी दिसतेय. गेटाबाहेर आपल्या मित्राची बोलेरो पिकअप उभी आहे, आणि सकाळी आल्यापासून बाबांचं लक्ष तिच्या ताडपत्रीवर आहे. कडा आत खोचल्या आहेत म्हणे. जेवणाआधी तिकडं एक चक्कर टाका. मी गेली दोन वर्षं त्यांना प्रश्न विचारतेय, अजून संपलेले नाहीत. तुम्हीही एखादा विचारा.